भोपळ्याच्या बरगड्या

पोटोबांचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनचे ते मुख्य आचारी. भट्टीवरचा माणूस घामाघूम होऊन ताट घेऊन खिडकीशी आला, की त्याचं तोंड बघून याला किती लागणार हे ते ओळखायचे आणि त्याहून एक डाव जास्तच वाढायचे. समोरच्यानं "पुरे" म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे. एखादा तापानं फणफणलेला असो, घरी भांडून आलेला असो, कुणाचं कुणी गेलेलं असो, त्यांचा इलाज एकच. आधी दोन घास पोटात जाऊ देत, मग बोलू. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडायचं.

त्यांची बायको मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत अन्नावाचून गेली. अन्ननलिकेत गाठ होती. सुरुवातीला भाकरीचा घास अडकायचा, मग मऊ भात, मग पातळ पेजही. शेकडो माणसांची पोटं भरणारा हा माणूस घरी वाटी-चमचा घेऊन एका माणसापुढे बसायचा आणि हरायचा. पेज गाळून, वाटून, पुन्हा गाळून आणायचा. "एवढा एक चमचा, माझ्यासाठी," म्हणायचा. ती घ्यायची. तिनं घेतलं की त्यांना वाटायचं, आज जरा बरं आहे. शेवटी तिचं मनगट त्यांच्या दोन बोटांच्या कडीत मावायला लागलं, आणि एका सकाळी तिनं चमच्याकडे बघून नुसते डोळे मिटले.

ती गेल्यावर पोटोबा कामावर जात, पण घरी चूल पेटवेनात. कॅन्टीनमधला उरलेला पाव खिडकीपाशी उभं राहून खात. आईच्या दुखण्यात रजा काढून घरी राहिलेली लेक दुसऱ्या गावी, एका तपासणी प्रयोगशाळेतल्या नोकरीवर परत गेली होती. वडिलांचं हे बघून तिचा जीव खालीवर व्हायचा, पण त्यांना आपल्याकडे न्यायला तिच्याकडे एकच खोली, आणि ते घर सोडायला तयार नाहीत. तिच्या ओळखीचं एक जोडपं परदेशी चाललं होतं. त्यांनी हौसेनं थोराड जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं आणि आता त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. लेकीनं ते एका टोपलीत घालून वडिलांच्या दारात आणून ठेवलं.

"मला हे काय करायचंय?" पोटोबा म्हणाले. पण टोपलीतून ते गोल, पिवळसर गाठोडं बाहेर गडगडलं, स्वयंपाकघराचा वास काढत गेलं आणि रिकाम्या पातेल्यात तोंड घालून बसलं. पोटोबांनी त्या रात्री कित्येक महिन्यांनी गॅस पेटवला. पिल्लाचं नाव पडलं भोपळ्या.

इतका खाणारा जीव त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. वाढा, की फस्त. अजून वाढा, तेही फस्त. कॅन्टीनमधून हाडं यायची, त्यांचा रस्सा दिवसभर मंद आचेवर उकळायचा. दूध, अंडी, कलेजी, रश्शात भिजवलेला भात. शेजारी एक जुना कंपाउंडर राहायचा. दवाखान्यातली नोकरी सुटल्यापासून औषधांवर त्याचा राग होता आणि बोलण्यात सारखा निसर्ग यायचा. लांडग्याला कुठला डॉक्टर असतो, तो विचारायचा. एवढ्या मोठ्या जातीच्या जनावराला हाडांसाठी चुनाच, म्हणजे कॅल्शियमच हवं, असं सांगून त्यानं हाडांची पूड आणून दिली. अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून तीही घालायला लावली. पोटोबांना ते पटलं. मोठं घर बांधायचं तर विटा जास्त लागणारच.

भोपळ्या वाढत नव्हता, फुगत होता म्हणा ना. आज बघावं तर गुडघ्याएवढा, उद्या बघावं तर मांडीपर्यंत. पंजे असे, की जणू मोठ्या भावाचे जोडे घातलेत. रस्त्यानं निघाला की लोक थांबून बघायचे. काय खायला घालता, विचारायचे. पोटोबांची छाती भरून यायची. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे लोकांनी फक्त कीव केल्यासारखं पाहिलं होतं. आता पहिल्यांदाच कुणी कौतुकानं बघत होतं.

मग एके दिवशी तो जिन्याच्या पहिल्याच पायरीशी बसून राहिला. पोटोबा दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी हाक मारली, लालूच दाखवली, शेवटी मागून ढकललं, तेव्हा तो किंचाळला. वर नेऊन पाहिलं तर पुढच्या पायांची मनगटं लिंबाएवढी सुजलेली आणि पाय बाहेरच्या बाजूला वळलेले, कंसासारखे. पोटोबांनी एकच अर्थ काढला. अशक्तपणा आलाय, अंगाला अन्न कमी पडतंय. कंपाउंडरनंही मान डोलावली. पूड दुप्पट झाली. रश्शावरचा चरबीचा तवंग आता काढून टाकणं बंद झालं. संध्याकाळी कोमट तेलानं मालीश सुरू झालं. भोपळ्या तेल चोळू द्यायचा, पण मनगटाला हात लागला की त्यांचा हात हळूच दातांत धरायचा. चावायचा नाही, नुसता धरून ठेवायचा.

उभं राहताना त्याचे पाय थरथरायला लागले तेव्हा ते त्याला कॅन्टीनच्या गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी पाय दाबून पाहिले, एक्स-रे काढला, काय काय खायला घालता ते विचारलं. पोटोबांनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी पोटोबांचा हात धरून भोपळ्याच्या कुशीवर ठेवला.

"बरगड्या लागतायत का हाताला?"

"छे. चांगला भरलाय की."

"लागायला हव्यात. अशा मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. तुम्ही त्याला घाई केलीत. वजन हाडांच्या पुढे गेलं, आणि वरून चुन्याचा मारा. जास्तीचा चुना पिल्लाच्या अंगातून बाहेर पडत नाही, हाडं वेडीवाकडी वाढतात. पूड आजपासून बंद. खाणं बरंच कमी करा."

पोटोबांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. दुखण्यातल्या जिवाचं अन्न तोडायचं? त्यांनी बाईंना नीट विचारलं, पुन्हा विचारलं. बाईंनी तेच सांगितलं. तोलून मापून दोन वेळा, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असतो तसा समतोल आहार, बाकी काही नाही. उड्या नकोत, जिना नको, गुळगुळीत फरशी नको. मऊ मातीवर थोडं थोडं चालणं. पुढे जमलं तर पोहणं.

घरी येऊन त्यांनी एक दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी भोपळ्यानं रिकामं ताट चाटत चाटत घरभर ढकलत नेलं. ताटाचा तो फरशीवर घासल्याचा आवाज पोटोबांना सोसवेना. त्यांनी वर थोडा भात घातला. मग थोडा रस्सा. दवाखान्यात विचारलं तर, तुम्ही सांगितलं तसंच चाललंय, असं सांगू लागले. पूड तेवढी बंद केली होती, हे खरं. पण पायांची कमान वाढतच गेली.

लेक सुट्टीला आली ती नेमकी जेवणाच्या वेळी. भोपळ्या एका कुशीवर पडून खात होता, कारण उभं राहून खाणं त्याला जमत नव्हतं, आणि पोटोबा शेजारी मांडी घालून त्याच्या तोंडाशी गोळे धरत होते. तिनं पिशवी दारातच ठेवली. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तिला फोनवरून ठाऊक होतं. तिनं ताट उचललं. पोटोबांनी ते धरलं. म्हणाले, तो मागतोय, मी कसं नाही म्हणू. ती म्हणाली, तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हेच तर झालंय. पोटोबा भडकले. खाण्यातलं तू मला शिकवू नकोस म्हणाले, तुझ्या आईला शेवटपर्यंत मी माझ्या हातानं भरवलंय, ती माझ्या हातचं खायची, कधी नाही म्हणाली नाही.

लेकीच्या हातातलं ताट तिरकं झालं. रस्सा फरशीवर सांडला आणि भोपळ्या तो पडल्यापडल्या चाटू लागला.

"बाबा, आईला ते जात नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती घ्यायची. तुम्ही कामावर गेलात की मी तिच्यापुढे भांडं धरायचे. सगळं बाहेर यायचं, रक्तासकट. मला म्हणायची, ह्यांना सांगू नकोस."

पोटोबांनी उठून फडकं आणलं, फरशी पुसली, फडकं धुतलं, पिळून वाळत घातलं. मग जिन्यात जाऊन बसले. लेक बऱ्याच वेळानं बाहेर आली, चुकलं माझं, म्हणाली. त्यांनी मान हलवली. ते हो म्हणत होते की नाही, ते तिला कळलं नाही.

त्यानंतर पोटोबा मोजून वाढू लागले. कुणाशी काही न बोलता कॅन्टीनमधला जुना तराजू घरी आला. ताट घासत नेल्याचा आवाज रोज यायचाच. मग ते स्वतःचं जेवण उचलून जिन्यात न्यायचे आणि तिथे उभ्यानं खायचे. भुकेलेल्या डोळ्यांसमोर जेवणं त्यांना जमत नव्हतं, आणि त्या डोळ्यांपुढे हरणंही आता परवडणारं नव्हतं. घरमालकाच्या हातापाया पडून त्यांनी तळमजल्यावरची मागची खोली बदलून घेतली. अंधारी होती, ओल होती, पण जिना चुकला. फरशीवर कारखान्यातली जुनी तागाची पोती अंथरली, म्हणजे पाय घसरणार नाहीत. गावाबाहेर खाणीचं पाणी साठून तळं झालं होतं, तिथे ते त्याला छातीखाली पंचा धरून पाण्यात चालवायचे. पाण्यात त्याचं वजन हलकं व्हायचं, पाय मोकळे चालायचे. थंडीत स्वतःची कंबर धरली, तरी जायचे. कंपाउंडरनं एकदा विचारलं, सध्या काय देताय त्याला. पोटोबा म्हणाले, माती देतो, पाणी देतो, भूक देतो. यापेक्षा नैसर्गिक काय असतं. कंपाउंडर त्या दिवसापासून जरा लांबूनच जाऊ लागला.

हळूहळू सूज ओसरली. उजवा पाय बराचसा सरळ झाला. डावा राहिला तो राहिलाच. मनगटापाशी मुरडलेला, चालताना गोल फिरवून टाकावा लागणारा. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. हा सांधा लवकर झिजणार, म्हणाल्या, वजन वाढलं तर त्याहून लवकर. म्हणून भोपळ्या पुरा वाढला तरी सडसडीतच राहिला. वासराएवढं जनावर, पण अंगावर मांस बेताचं. पोटोबा रोज सकाळी डोळे मिटून त्याच्या कुशीवरून हात फिरवायचे. एकेक बरगडी बोटांना लागली की मगच कामावर जायचे.

लोकांना हे कुठलं कळायला. तेच लोक, तोच रस्ता. आता थांबून म्हणायचे, काय हो, कारखाना जेवू घालता आणि घरचं जनावर उपाशी? लंगडतंय बिचारं. एवढा हाडांचा सापळा कशाला पाळायचा. पोटोबांनी सुरुवातीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण उपदेश करणाऱ्याला उत्तर नको असतं. मग ते खाली मान घालून चालू लागले.

सगळ्यात जास्त जीव तुटायचा तो समोरच्या खोलीतल्या मावशींचा. मावशी एकट्याच. दुकानातून आणलेल्या कपड्यांना बटणं लावून पोट भरायच्या. दार उघडं ठेवून बसायच्या, उजेडासाठी. भोपळ्या येता-जाता त्यांच्या उंबऱ्याशी थबकायचा, डोकं आत घालायचा, आणि त्या त्याच्याशी बोलायच्या. पोटोबांनी त्यांना दोनदा हात जोडून सांगितलं होतं, मावशी, त्याला काही देऊ नका, त्याच्या जिवाशी येईल. मावशी हो म्हणायच्या. आणि त्यांच्या मनात यायचं, या माणसानं बायको गेल्यापासून काळजाचा दगड केलाय.

त्या दिवशी मावशींना काम देणाऱ्या दुकानाच्या मालकाकडे कसलंसं जेवण होतं. उरलेला भात त्यांनी पातेलंभर मावशींकडे पाठवून दिला. एकट्या बाईला तो कितीसा जाणार. पोटोबा कामावर होते. त्यांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. मावशींनी पातेलं आत ठेवलं आणि भोपळ्यानं ते तळापर्यंत साफ केलं. त्याचं शेपूट असं हलत होतं, की मावशींना रडू आलं. त्यावर तो पोटभर पाणी प्यायला, आणि आनंदानं त्या लंगड्या पायावर अंगणात गोल गोल धावला.

पोटोबा दुपारी आले तेव्हा तो उभा होता. बसत नव्हता, आडवा होत नव्हता. मान खाली घालून ओकारी काढायचा, पण फेसापलीकडे काही येत नव्हतं. पोट एका बाजूनं फुगलेलं. पोटोबांनी सवयीनं कुशीवर हात ठेवला तर बरगड्या लागेनात. कातडं नगाऱ्यासारखं ताणलेलं. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांची जठरं अशी पीळ खातात, तसं दिसलं तर क्षणभरही थांबू नका. कोपऱ्यात अनोळखी पातेलं पडलेलं त्यांनी पाहिलं. मावशी दारात येऊन काहीतरी विचारत होत्या. ते त्यांच्या अंगावरून पुढे गेले. गाडीवाल्याला बोलावलं, दोघांनी मिळून भोपळ्याला पोत्यावर घालून उचललं.

बाईंनी लगेच पोट उघडायला घेतलं. पोटोबा बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांच्या सदऱ्याला दुपारच्या फोडणीचा वास येत होता आणि त्या वासाची त्यांना शिसारी आली. बाई हात न धुताच बाहेर आल्या.

"जठराला पीळ पडून रक्तपुरवठा तुटलाय. जवळजवळ सगळंच काळं पडलंय. काढून टाकण्याजोगं नाही. आत्ता तो झोपेत आहे. उठवला तर दुखण्यातच उठेल, आणि उद्यापर्यंतही टिकायचा नाही."

पोटोबांनी विचारलं, त्याला काही कळतंय का. बाई नाही म्हणाल्या. आत येऊ का, विचारलं. बाईंनी दार धरलं. पोट झाकून ठेवलं होतं. जीभ एका बाजूला बाहेर आली होती, ती पोटोबांनी बोटानं हळूच आत सारली. मग मनगटावर, त्या मुरडलेल्या सांध्यावर हात ठेवला. आज त्यानं हात दातांत धरला नाही.

"झोपू दे त्याला," ते म्हणाले.

कशानं झालं, असं त्यांनी निघताना विचारलं. बाई म्हणाल्या, नक्की कुणीच सांगू शकत नाही, या जातीत काही न करताही होतं. पण एकदम एवढं खाणं, वर पाणी, वर धावणं, यानं धोका वाढतो हे खरं.

खाणीच्या तळ्याकाठी त्याला पुरलं. खड्डा एका माणसाच्या आवाक्यातला नव्हता. भट्टीवरचे चौघे पाळी संपवून फावडी घेऊन आले. लेक पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती दोन दिवस राहिली. तिनं स्वयंपाक केला. त्यांनी जेवढं गेलं तेवढं खाल्लं, उरलेलं बाजूला सारलं, आणि तिनं आग्रह केला नाही.

मावशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण पातेलं पोटोबांनी घासून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं, तेवढ्यावरून त्या काय समजायचं ते समजल्या. त्यानंतर पोटोबा अंगणाच्या मागच्या फाटकानं येऊ-जाऊ लागले. समोरासमोर आलेच तर भिंतीकडे बघत. आपणही हेच केलं होतं, आणि तेही डॉक्टरांनी बजावल्यावर, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्या बाईकडे बघवत नव्हतं. ठाऊक असण्यानं राग कमी होतो असं थोडंच आहे. मावशींचं दार आता बंद असायचं. बंद दाराआड दिवा लावून त्या बटणं लावत.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी मावशींनीच दार वाजवलं. बऱ्याच सुकल्या होत्या. आत न येता चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मला एकदा खरं सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेला का तो?"

पोटोबांच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंचं वाक्य आलं होतं, नक्की कुणीच सांगू शकत नाही. ते खोटंही नव्हतं. ते सांगून मावशींना परत पाठवता आलं असतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मावशी बसल्या नाहीत.

"त्या भातानं झालं असणार," पोटोबा म्हणाले. "पण तुम्ही त्याला मारलं नाहीत. तुम्ही त्याला जेवू घातलं."

मावशींनी पदर तोंडाशी नेला. पोटोबा रडू नका म्हणाले नाहीत. कामाची वेळ होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कुलूप घेतलं, मावशी बाजूला झाल्या, आणि ते त्यांच्या दारावरून, अंगणाच्या पुढच्या फाटकानं बाहेर पडले.

पुढं त्या दोघांची फारशी बोलचाल झाली असं नाही. पोटोबा नोकरी संपेपर्यंत कॅन्टीनमध्येच होते. त्यांच्या हाताची चव गेली नव्हती, पण जुन्या माणसांना एक फरक जाणवायचा. खिडकीशी ताट घेऊन आलेला माणूस "पुरे" म्हणाला, की पोटोबांचा डाव जिथल्या तिथे थांबायचा. दुसरं कुत्रं त्यांनी पाळलं नाही. लेकीनं एकदा विषय काढला, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला. तागाची पोती मात्र धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन दिली. तिथली फरशी फार गुळगुळीत होती.